पदार्थाच्या अनोख्या अवस्था आणि त्यांची नोबेल पारितोषिके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजांतल्या व्याख्यानांनंतर चिठ्ठ्यांवर आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दर ऑक्टोबरात नोबेल जाहीर झाले की त्यांत भर पडते. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पदार्थाच्या अवस्था नक्की किती? कुणी तीन म्हणतं, कुणी पाच, कुणी सात.

मोजण्याचा नाद आधी सोडा. स्थायू, द्रव, वायू ही शाळेतली तीन नावे. चौथी प्लाझ्मा आणि पाचवी बोस-आइनस्टाईन कंडेन्सेट, असे स्पर्धा परीक्षेच्या गाइडांत हमखास सापडते. परीक्षेत तेच लिहा, गुण मिळतील. भौतिकशास्त्रज्ञ मात्र असे नंबर लावत नाहीत. एकट्या बर्फाचेच वेगवेगळ्या रचनेचे सुमारे वीस प्रकार माहीत आहेत. लोखंड ७७० अंश सेल्सियसच्या वर तापवले की त्याचे चुंबकत्व जाते. वितळलेले नसते, स्थायूच असते, तरी अवस्था बदललेली असते.

तुमच्या घरातल्या एलसीडी टीव्हीतला पदार्थही या तिनांत बसत नाही. तो द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू एका दिशेने तोंड करून उभे असतात. अशा द्रव-स्फटिकांच्या अभ्यासासाठी फ्रान्सच्या पिएर-जिल द जेन यांना १९९१ चे नोबेल मिळाले. चकतीसारख्या रेणूंचे द्रव-स्फटिक १९७७ मध्ये बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी शोधले होते. (हे चंद्रशेखर वेगळे. ताऱ्यांवर काम करून १९८३ चे नोबेल मिळवणारे ते नव्हेत.)

२. मग एक अवस्था संपून दुसरी सुरू झाली, हे ठरवतात कसे?

कणांनी आपसांत कोणती शिस्त धरली आहे, यावरून. मैदानावर मुलांची गर्दी आहे, जो तो आपल्या तंद्रीत. मग हलगी वाजते आणि तीच मुले लेझीमच्या रांगा धरतात. मुले तीच, मैदान तेच, हातातली लेझीमही तीच. बदलला तो एकमेकांशी असलेला मेळ. द्रवाचा स्फटिक होतो तेव्हा अणूंच्या जागा ठरतात, लोखंडाचे चुंबक होते तेव्हा दिशा ठरते.

हा विचार गणितात नेमका मांडला तो सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लांदाऊ यांनी, १९३७ च्या सुमारास. पुढची कित्येक दशके वाटत होते की सगळ्या अवस्था या एका चौकटीत बसतील. त्या बसल्या नाहीत, आणि ती गोष्ट प्रश्न ९ पासून पुढे येते.

३. प्लाझ्मा अनोखी अवस्था आहे का?

आपल्यासाठी आहे, विश्वासाठी नाही. सूर्य, तारे, वीज कडाडते तो पट्टा, पेटलेल्या ट्यूबलाइटमधला वायू, हा सगळा प्लाझ्माच. इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटले की झाला. या पानावरच्या बाकीच्या अवस्था बहुतेक थंडीत घडतात आणि क्वांटम नियमांनी घडतात. त्यामुळे प्लाझ्माला इथेच निरोप.

४. बोस-आइनस्टाईन कंडेन्सेट म्हणजे काय? "सगळे अणू एक होतात" म्हणजे नेमके काय होते?

अणू एकमेकांत विरघळत नाहीत किंवा चिकटतही नाहीत. क्वांटम सिद्धांतानुसार प्रत्येक अणूला एक तरंगलांबी असते आणि अणू जितका संथ, तितकी ती मोठी. खोलीच्या तापमानाला ती इतकी चिमुकली असते की अणू गोट्यांसारखे वागतात. पुरेसे थंड केले की तरंग लांबत जाऊन शेजाऱ्याच्या तरंगावर चढतात. मग कोणता अणू कुठला हे सांगताच येत नाही आणि मोठ्या संख्येने अणू एकाच, सर्वांत खालच्या क्वांटम स्थितीत जाऊन बसतात. हजारो अणूंचा मिळून एकच तरंग होतो.

हे भाकीत १९२४-२५ चे. प्रत्यक्षात उतरले ५ जून १९९५ रोजी, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर इथे. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे २००० अणू १७० नॅनोकेल्विनच्या आसपास नेले. केल्विनचे अंश उणे २७३ सेल्सियसला शून्य धरून मोजतात आणि नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा अब्जावा भाग. आकाशगंगांमधली निर्जन पोकळीही याच्यापुढे भट्टी म्हणायची, तिथे २.७ केल्विन असते. त्याच वर्षी एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमचे कंडेन्सेट केले, त्यात शंभरपटीहून जास्त अणू होते. तिघांना २००१ चे नोबेल मिळाले, म्हणजे अवघ्या सहा वर्षांत. या क्षेत्रातली इतरांची प्रतीक्षा पाहता (प्रश्न ७) ही जवळपास लॉटरीच.

एक चांगला प्रश्न सांगलीच्या एका अकरावीच्या मुलीने विचारला होता: इतक्या थंडीत रुबिडियम गोठून दगड का होत नाही? खरे तर व्हायलाच हवे. पण हा वायू हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ ठेवलेला असतो. अणूंना एकत्र येऊन स्थायू बनायला तीन अणूंची एकाच वेळी गाठ पडावी लागते आणि इतक्या विरळ गर्दीत ती क्वचित पडते. कंडेन्सेट तेवढ्या सवडीत, काही सेकंद ते मिनिटभर जगून घेते.

५. लेझरने वस्तू तापते. मग लेझरने थंड कसे करतात?

समोरून धावत येणाऱ्या अणूला लेझरचा रंग किंचित निळसर भासतो, जशी जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढी ऐकू येते. लेझर असा जुळवतात की समोरून येणारा अणूच तो प्रकाश शोषेल. प्रत्येक फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, त्याला उलट्या दिशेने छोटा धक्का देतो. रुबिडियमचा वेग एका धक्क्याला सेकंदाला सुमारे ६ मिलिमीटरने घटतो आणि खोलीच्या तापमानाला तो असतो सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. म्हणजे पन्नासेक हजार धक्के. सेकंदाच्या लहानशा अंशात ते होऊन जातात. या युक्तीसाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल मिळाले.

लेझरने मायक्रोकेल्विनपर्यंत पोहोचता येते. शेवटचा टप्पा आपण बशीत चहा ओतून करतो तोच: सर्वांत गरम अणू उडून जाऊ द्यायचे, मागे राहतात ते आणखी थंड. चहा कमी होतो, पण निवतो.

६. सत्येंद्रनाथ बोस यांना नोबेल का मिळाले नाही? अन्याय नाही का हा?

सर्वांत जास्त वेळा येणारा आणि सर्वांत जास्त तावातावाने विचारला जाणारा प्रश्न. हकिकत अशी की १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी नव्या पद्धतीने करणारा निबंध थेट आइनस्टाईनना पाठवला. आइनस्टाईननी तो स्वतः जर्मनमध्ये अनुवादून छापवून आणला आणि मग ती पद्धत अणूंना लावली. कंडेन्सेटचे भाकीत या दुसऱ्या पायरीवर निघाले, म्हणजे ते आइनस्टाईनचे. पाया बोस यांचा.

बोस यांच्या नावाची शिफारस नोबेल समितीकडे गेली होती, पण समितीने ती उचलली नाही. बोस १९७४ मध्ये वारले, कंडेन्सेट त्यानंतर एकवीस वर्षांनी हाती आले आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. माझे मत विचाराल तर १९५० च्या दशकात त्यांना ते मिळायला हरकत नव्हती. पण "इंग्रजांनी डावलले" हा जो मजकूर फिरतो त्याला अर्थ नाही. निर्णय स्वीडनचा होता आणि शिफारशी स्वातंत्र्यानंतरच्या. विश्वातल्या निम्म्या कणकुळाला पॉल डिरॅक यांनी बोसॉन हे नाव दिले, ते कुठल्याही समितीला काढून घेता येणार नाही.

७. भांड्याच्या भिंतीवर चढून बाहेर येणारा द्रव खरोखर आहे का, की तो व्हिडिओ बनावट?

खरा आहे. द्रव हीलियम २.१७ केल्विनच्या खाली नेले की त्याचा उकळण्याचा खळखळाट एका क्षणात थांबतो. घर्षण उरत नाही, म्हणजेच द्रव अतिप्रवाही होतो. पेल्यात भरले तर शंभरेक अणू जाडीचा पापुद्रा भिंतीवरून चढून बाहेर उतरतो आणि पेल्याच्या बुडाखाली थेंब पडू लागतात. साध्या द्रवांचाही असा पापुद्रा भिंतीला धरतो, पण चिकटपणामुळे जागीच अडतो. इथे अडवणारे काही नाही.

८ जानेवारी १९३८ च्या 'नेचर'मध्ये याचे दोन निबंध पाठोपाठ छापले गेले. एक मॉस्कोच्या प्योत्र कापित्सांचा, दुसरा केंब्रिजच्या जॅक अ‍ॅलन आणि डॉन मायझनर यांचा. यामागे एक नाट्य आहे. कापित्सा केंब्रिजमध्येच काम करत होते. १९३४ मध्ये ते मायदेशी भेटीला गेले आणि सोव्हिएत सरकारने त्यांना परत सोडलेच नाही. पुढे त्यांची केंब्रिजमधली यंत्रसामग्री त्या सरकारने विकत घेतली. एप्रिल १९३८ मध्ये लांदाऊंना अटक झाली, तेव्हा कापित्सांनी स्टालिनला पत्र लिहिले. वर्षभराने लांदाऊ सुटले ते कापित्सांच्या हमीवर. मग लांदाऊंनी अतिप्रवाही हीलियमचा सिद्धांत मांडला आणि १९६२ चे नोबेल मिळवले.

कापित्सांना स्वतःला नोबेल मिळाले १९७८ मध्ये, शोधानंतर चाळीस वर्षांनी. आपल्या नोबेल व्याख्यानात ते हीलियमवर बोललेच नाहीत, बोलले ते प्लाझ्मावर. अ‍ॅलन आणि मायझनर यांना काहीच मिळाले नाही. बोस यांच्यासाठी हळहळणाऱ्यांनी या दोघांसाठीही थोडी हळहळ राखून ठेवावी.

८. म्हणजे अतिप्रवाही द्रव आणि कंडेन्सेट एकच ना?

नाही, आणि इथे पदव्युत्तर विद्यार्थीही घसरतात. नाते जवळचे आहे. फ्रिट्झ लंडन यांनी १९३८ मध्येच तसे सुचवले होते. पण हीलियम-४ पूर्ण अतिप्रवाही असते तेव्हाही त्यातले दहा टक्क्यांहून कमी अणू कंडेन्सेटमध्ये असतात. कारण द्रवातले अणू एकमेकांना सतत ढकलत असतात. उलट बाजूने, एकमेकांशी काहीच देणेघेणे नसलेल्या अणूंचे आदर्श कंडेन्सेट अतिप्रवाही नसते. आणि अतिपातळ थरात कंडेन्सेटशिवायच अतिप्रवाहिता येते (प्रश्न ११).

हीलियम-३ ची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे अणू बोसॉन नव्हेत, एका स्थितीत दोघे बसायला राजी नसतात. ते आधी जोड्या जमवतात. यासाठी तापमान आणखी हजारपटीने उतरवून अडीच मिलिकेल्विनच्या आसपास न्यावे लागते. कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड ली, डग्लस ओशेरॉफ आणि रॉबर्ट रिचर्डसन यांना ते १९७२ मध्ये दिसले आणि १९९६ मध्ये नोबेल मिळाले. ओशेरॉफ तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. धातूत इलेक्ट्रॉन अशाच जोड्या जमवतात तेव्हा अतिवाहकता येते आणि वीज रोधाशिवाय वाहते. तुम्ही एमआरआयच्या बोगद्यात आडवे झाला असाल तर तुमच्याभोवती अतिवाहक तारेची गुंडाळी होती, चार केल्विनच्या द्रव हीलियमने थंड केलेली. म्हणजे या पानावरची एक अवस्था तुमच्या अंगाला वीतभर अंतरावरून भेटून गेली आहे.

९. २०१६ चे नोबेल कशासाठी होते? ते पाव दाखवणारे प्रकरण कळले नाही.

४ ऑक्टोबर २०१६ ला स्टॉकहोममध्ये पारितोषिक जाहीर झाले. अर्धे डेव्हिड थाउलेस यांना, उरलेले अर्धे डंकन हाल्डेन आणि मायकेल कोस्टरलिट्झ यांना. समितीचे थोर्स हान्स हान्सन यांनी पत्रकारांपुढे पिशवीतून तीन बेकरी पदार्थ काढले: भोक नसलेला गोड बन, एक भोक असलेला बेगल, दोन भोकांचा प्रेटझेल. सांगायचे होते ते टोपॉलॉजी नावाचे गणित, ज्यात चव, आकार, खमंगपणा काही मोजत नाहीत, फक्त भोके मोजतात.

आपल्याकडे फराळाच्या ताटात हे जास्त चांगले समजते. बटाटावडा शून्य, मेदूवडा एक, कडबोळे एक. मेदूवडा आणि कडबोळे गणिताच्या लेखी सख्खे भाऊ, कारण तोडल्या-चिकटवल्याशिवाय एकाचे दुसरे करता येते. चकलीची गोची लक्षात घ्या: वेटोळी कितीही असली तरी ती उलगडली की सरळ काडीच. भोके शून्य. (तळताना वेटोळी एकमेकांना चिकटली तर उत्तर बदलते.)

मुद्दा असा की भोके पूर्णांकातच असतात. दीड भोक नसते. वडा दाबा, चेपा, टोक खा, आकडा हलत नाही. हलायचा तर उडी मारूनच. काही पदार्थांत असाच न हलणारा आकडा असतो आणि त्या आकड्यावरून अवस्था ठरते. शिस्त बघणारी लांदाऊंची चौकट (प्रश्न २) अशा दोन अवस्थांतला फरक ओळखूच शकत नाही.

१०. पण मग पदार्थात भोक कुठे असते? सूक्ष्मदर्शकात दिसते का?

नाही. ही उपमेची मर्यादा. भोक धातूच्या तुकड्यात नसते, इलेक्ट्रॉनांच्या तरंगांची जी गणिती रचना असते तिच्यात ते "पीळ" म्हणून असते. तो पीळ डोळ्यांना दिसत नसला तरी मीटरवर दिसतो. फेब्रुवारी १९८० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग प्रचंड चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांच्या एका पातळ थराचा रोध मोजत होते. क्षेत्र तेच ठेवून थरातले इलेक्ट्रॉन वाढवत नेले तर रोध सलग उतरत जायला हवा. तो पायऱ्या-पायऱ्यांनी उतरला. प्रत्येक पायरी म्हणजे २५,८१२.८०७ ओहम भागिले एखादा पूर्णांक. नमुन्यात मळ असो, कडा वाकड्या असोत, पायरी जागची हलेना. फॉन क्लिट्झिंगना १९८५ चे नोबेल मिळाले.

का हलत नाही, हे १९८२ मध्ये थाउलेस आणि तीन सहकाऱ्यांनी दाखवले: तो पूर्णांक टोपॉलॉजीचा आहे. हाल्डेननी १९८८ मध्ये सांगितले की हे चुंबकीय क्षेत्राशिवायही घडू शकते. तेव्हा ते कागदावरचे खेळणे वाटले. २०१३ मध्ये चीनमध्ये श्वे चीखुन यांच्या गटाने ते प्रत्यक्ष मोजले.

हुशार वाचक इथे अडवतात: पूर्णांकच म्हणता, मग एक तृतीयांशाच्या पायरीचे काय? तीही आहे. डॅनियल त्सुई आणि हॉर्स्ट श्टॉर्मर यांना ती १९८२ मध्ये सापडली, रॉबर्ट लाफलिन यांनी उलगडली आणि १९९८ चे नोबेल आले. तिथे इलेक्ट्रॉन एकेकटे वागत नाहीत, सगळ्यांची मिळून अशी काही गाठ बसते की इलेक्ट्रॉनाच्या तृतीयांश प्रभाराचे कण असल्यासारखे दिसते. इलेक्ट्रॉन तुटलेला नसतो. या अपूर्णांकांची अख्खी मालिका समजावणारा सिद्धांत राजस्थानात जन्मलेल्या जैनेंद्र जैन यांचा. २०२५ च्या वुल्फ पारितोषिकात त्यांचा वाटा आहे.

११. कोस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमण म्हणजे काय?

सपाट, एका अणूजाडीच्या थरात उष्णतेची धुसफुस कायमची शिस्त टिकू देत नाही, हे गणिताने सिद्ध होते. म्हणून सर्वांनी गृहीत धरले होते की तिथे अवस्था बदलणेच अशक्य. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅममध्ये कोस्टरलिट्झ थाउलेसांकडे आले, हा विषय त्यांना नवा होता. दोघांनी भोवऱ्यांकडे पाहिले. थंडीत थरातले भोवरे जोडीजोडीने असतात, एक उजवा, एक डावा, फुगडी घालणाऱ्या दोघींसारखे घट्ट. ठरावीक तापमानाला हात सुटतात आणि सुटे भोवरे थरभर हिंडू लागतात. फुगडी चालू असेपर्यंत थर अतिप्रवाही, सुटली की साधा.

कोस्टरलिट्झ तरुणपणी कसलेले प्रस्तरारोहक होते. इटलीतल्या ओर्को खोऱ्यात एका कातळभेगेला त्यांचे नाव आहे.

१२. पारितोषिक तिघांनाच का? या भोवऱ्यांसोबत "बेरेझिन्स्की" असेही नाव वाचले.

बरोबर वाचलेत. सोव्हिएत संघात वादिम बेरेझिन्स्की यांनी हाच विचार आधीच, १९७१ च्या सुमारास मांडला होता. ते १९८० मध्ये तरुणपणीच वारले. संशोधक आज तिन्ही नावे जोडून घेतात, नोबेलच्या नियमांत मात्र मृतांना जागा नाही आणि तीनहून जास्त जिवंतांनाही नाही. १९८२ च्या निबंधातले थाउलेस यांचे तिन्ही सहकारीही त्यामुळे बाहेर राहिले.

१३. हे हाल्डेन म्हणजे भारतात येऊन राहिलेले तेच का?

नाही. भुवनेश्वरला १९६४ मध्ये वारले ते जे. बी. एस. हाल्डेन, अनुवंशशास्त्रज्ञ. २०१६ चे डंकन हाल्डेन १९५१ मध्ये लंडनला जन्मले.

१४. काच हा अतिशय हळू वाहणारा द्रव आहे ना? जुन्या चर्चच्या काचा खाली जाड झालेल्या असतात म्हणे.

काचेचे अणू द्रवासारखे विस्कटलेले असतात हे खरे, पण त्या काचा वाहून जाड झालेल्या नाहीत. जुन्या पद्धतीने बनवलेली काच मुळातच असमान जाडीची असे.

१५. सुपरसॉलिड, टाइम क्रिस्टल ही खरी नावे आहेत की सिनेमातली?

दोन्ही खरी, पण दोन्हींना ठेचा लागल्या आहेत. सुपरसॉलिड म्हणजे स्फटिकासारखी रचना धरूनही घर्षणाविना वाहणारा पदार्थ. २००४ मध्ये अमेरिकेत मोझेस चॅन आणि यून-सोंग किम यांना गोठलेल्या हीलियममध्ये तो दिसल्यासारखे वाटले. जगभर धावपळ झाली. २०१२ मध्ये चॅन यांनीच उपकरण नव्याने बांधून मोजले आणि आधीचा निष्कर्ष टिकत नाही असे छापले. मला हा प्रसंग कित्येक पारितोषिकांहून मोठा वाटतो. नंतर २०१९ मध्ये चुंबकीय अणूंच्या अतिथंड वायूत सुपरसॉलिड खरोखर सापडला.

टाइम क्रिस्टलची कल्पना फ्रँक विल्चेक यांची, २०१२ ची. त्यांचे नोबेल (२००४) मात्र अणुकेंद्रातल्या बलासाठी आहे, यासाठी नव्हे. मूळ स्वरूपात ती शक्य नाही हे सिद्ध झाले. बाहेरून ठेक्याने धक्के देत राहायचे आणि पदार्थाने दुप्पट अंतराने डोलायचे, हे सुधारित रूप मात्र प्रयोगात दिसले आहे. त्यातून फुकट ऊर्जा मिळत नाही.

१६. खोलीच्या तापमानाला चालणारा अतिवाहक सापडला, असा निरोप आला आहे. खरे आहे का?

आजवर असा प्रत्येक निरोप फुसका ठरला आहे. जुलै २०२३ मध्ये कोरियातून एलके-९९ नावाच्या पदार्थाचा दावा आला, तरंगणाऱ्या खड्याचे व्हिडिओ फिरले. काही आठवड्यांत कळले की रोधातली घसरण त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे होती. पुढच्या वेळी दोन गोष्टी विचारा: रोध शून्य झाला का, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच दिसले का.

१७. आपल्या महाराष्ट्रात यावर काम होते का?

होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये अतिथंड अणूंवर प्रयोग चालतात. टाटा संस्थेच्या एका गटाने शुद्ध बिस्मथचा स्फटिक अर्ध्या मिलिकेल्विनपर्यंत थंड केला आणि ०.५३ मिलिकेल्विनला तो अतिवाहक झालेला पाहिला. 'सायन्स'मध्ये हे छापून आले. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन इतके थोडे असतात की अतिवाहकतेच्या नेहमीच्या सिद्धांताने, ज्यासाठी बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांना १९७२ चे नोबेल मिळाले, याचे स्पष्टीकरण नीट लागत नाही. बाहेर कुलाब्याचा दमट उकाडा आणि आत केल्विनच्या दोनहजाराव्या भागात बसलेला तो खडा.